तळ्याकाठचा दगड

माहिती अधिकाराखाली मागितलेला कागद मला एकतिसाव्या दिवशी मिळाला. कायद्याने मुदत तीस दिवसांची आहे. एरवी त्या एका दिवसासाठी मी अपील दाखल केले असते आणि संबंधित अधिकाऱ्यांस दिनदर्शिका वाचता येते काय, असा प्रश्नही त्यात नम्रपणे विचारला असता. या वेळी मी काहीच केले नाही. पाकिटात उत्तराची चिठ्ठी आणि तिला जोडलेला एकच कागद होता. वर गोल शिक्का, खाली ‘सत्यप्रत’ असा शेरा, आणि मधले सगळे हस्ताक्षर माझे.

मी प्रश्न साधा विचारला होता. धायरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे सरकारी तळे आहे. आता त्याभोवती जाळीचे कुंपण आहे, फिरायला फरसबंद वाट आहे, आणि पाणी कमी पडले की बंद राहणारे एक कारंजे आहे. गेल्या चैत्रात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मी एक गळाची काठी विकत घेतली आणि रिक्षाने तिथे गेलो. काठी पिशवीतून पूर्ण बाहेरही आली नव्हती, तोच एक तरुण रखवालदार जवळ आला. “आजोबा, इथं फिशिंग अलाउड नाही,” तो म्हणाला. कोणत्या नियमाने, असे मी विचारले. त्याने फलकाकडे बोट दाखवले. फलक म्हणजे नियम नव्हे, फलक म्हणजे नियमाची बातमी, हे मी त्याला समजावून सांगितले. तो चांगला मुलगा होता. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा फलकाकडे बोट दाखवले. मग जवळच्या एका सपाट दगडावर जाऊन बसला.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. सदर तळ्यावर मासे धरण्यास मनाई कोणत्या आदेशाने व कोणत्या कारणास्तव करण्यात आली, त्यासंबंधीच्या सर्व कागदपत्रांची प्रत मिळावी. लिहिताना मी नेहमीसारखाच संतापलेला होतो. पण खरे सांगायचे तर मला माहिती नको होती. मला सुटका हवी होती. इतक्या वर्षांत किती फायली सडतात, किती कार्यालये जागा बदलतात. या मनाईमागे दुसरेच काहीतरी निघेल, एखादा ठराव, एखादे परिपत्रक, कुणा दुसऱ्याचीही तक्रार, आणि सरकार मला स्वतःच्या शिक्क्यानिशी कळवील की ते तुमच्यामुळे झाले नाही, अशी माझी मनोमन आशा होती. उत्तरात लिहिले होते: ‘या विषयावर अभिलेखात सोबतच्या पत्राखेरीज अन्य कागद आढळून येत नाही.’

झेरॉक्समध्ये अक्षरे जराशी फुगली आहेत. कागदाला नव्या शाईचा वास आहे. तरीही तो हातात धरला की माझ्या बोटांना चिखलाचा वास येतो.

तो वास मला नीट ठाऊक आहे. तरुणपणी दर रविवारी मी तो नारायण पेठेतल्या घरी पोचण्याआधी धुऊन टाकत असे. आधी राख, मग शिकेकाई, मग लिंबाची पाने चुरगळून. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नसे. मी टेकड्या चढायला जातो, अशी घरच्यांची समजूत होती आणि ती मी जपली होती. पहाटे सायकल काढायची, सिंहगडाचा रस्ता धरायचा. त्या काळी त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेते होती. हिवाळ्यात गुऱ्हाळाचा गोड धूर रस्त्यावर आडवा पडलेला असे आणि त्यातून सायकल नेली की अंगावरच्या स्वेटरला काकवीचा वास लागे. पुढे वीटभट्ट्या, पेरूच्या बागा, एक ओढा. ओढ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागे. मग बांध दिसे, आणि बांधावर चढले की एकदम समोर पाणी.

तळे फार मोठे नव्हते. या काठावरून त्या काठावर हाक जाई आणि परतही येई. भाद्रपदात ते पाणी चहासारखे गढूळ असे, आश्विनात निवळे. मार्गशीर्षात पाण्यावरून धूर निघाल्यासारखे धुके उठे आणि त्यातून ढोकरी बगळा एक-एक पाय मोजून टाकत येई. वैशाखात पाणी आक्रसत जाई. मग उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा पडत, शिंपले पांढरे होत, आणि पाण्याखालून एक जुना शेताचा बांध हळूहळू वर येई. त्याच्यापुढे एका विहिरीची गोल कड.

तो बांध आणि ती विहीर ज्ञानबांची होती.

ज्ञानबा म्हणजे त्या काठावरचे सर्वांत वयस्कर गळकरी. तळे झाले तेव्हा त्यांचे वावर त्याच्या पोटात गेले. लोक नांगर सोडून शहराकडे गेले. ज्ञानबा गेले नाहीत. त्यांनी आपल्याच शेतावर साठलेल्या पाण्यात गळ टाकायला सुरुवात केली. मासा कुठे लागतो हे त्यांना कोणत्याही जाणकारापेक्षा जास्त कळे, कारण तळ त्यांनी स्वतः नांगरलेला होता. “इथं न्हाई, हितं बैल बसायचं,” ते म्हणत, “जिमीन घट्ट हाय. जरा पल्याड टाका, हिरीवर.” विहिरीच्या कडेशी मरळ असे. जिथे आंब्याचे खोड बुडाले होते तिथे वाम. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे गळ टाकत असे आणि दोरीला बांधलेला मोरपिसाच्या देठाचा पांढरा तरंग पाण्यावर एकदा थरथरून सरळ खाली जाई. त्या क्षणी जो आनंद होई, तो पुढे आयुष्यात कोणत्याही तक्रारीच्या निकालाने झाला नाही.

मी धरलेला मासा मी घरी नेऊ शकत नसे. तो ज्ञानबांच्या टोपलीत जाई. त्यांना याची फार गंमत वाटे. “पुण्याचा बामन मासं धरतो आन् आमाला खाया घालतो,” ते दर रविवारी एकदा तरी म्हणत. “कलयुग कलयुग म्हनत्यात, त्ये वाईट न्हाई म्हनायचं.” काठावर आणखी तीन-चार जण असत. त्यांना माझ्या नावाशी कर्तव्य नव्हते. ते मला ‘नारायण पेठ’ म्हणत. नारायण पेठ आलं, नारायण पेठेचा गळ अडकला, नारायण पेठेला चहा द्या. ज्ञानबा तेवढे मला बापू म्हणत.

त्या काठाला एक रीत होती. नवा माणूस एक अख्खे वर्ष, म्हणजे भरल्या पाण्यापासून पुन्हा भरल्या पाण्यापर्यंत, नेमाने येत राहिला की जुना माणूस त्याला दगड देई. ओढ्यातून एक सपाट दगड निवडायचा, चौघांनी मिळून वाहून आणायचा आणि पाण्याच्या कडेला बसवायचा. तो त्या माणसाचा. तो नसला तरी त्यावर दुसरे कुणी बसत नसे. मुले बसली तर उठवत. माणूस मेला की तेराव्या दिवशी सोबती जमून त्याचा दगड पाण्यात लोटत आणि न बोलता घरी जात. दगड लोटण्याचे दुसरे कोणतेही कारण त्यांना मान्य नव्हते. भांडण झाले, गाव सोडले, कुणी तुरुंगात गेला, तरी दगड जागेवर. मला हे सांगितले तेव्हा मी रात्रीच्या महाविद्यालयात कायदा शिकत होतो. दिवसा एका सरकारी कचेरीत कारकून होतो. जागेचा हक्क, वहिवाट, हक्क कधी संपुष्टात येतो याची स्पष्ट तरतूद, सगळे त्या रितीत होते. फक्त ते लिहिलेले नव्हते, म्हणून तो कायदा आहे असे मला वाटले नाही.

माझा दगड ज्ञानबांनी स्वतः निवडला. निळसर काळा, एका बाजूला तळहाताएवढा खळगा असलेला. “हितं तमाखूची डबी ठेवा,” ते म्हणाले. मी तंबाखू खात नव्हतो. मी त्या खळग्यात कणकेच्या गोळ्या ठेवत असे. मार्गशीर्षात त्या दगडाचा गारवा पाटलोणीतून वर येई आणि ऊन चढले की तोच दगड पाठीमागून कुणीतरी हात ठेवल्यासारखा ऊबदार होई.

दुपारी ज्ञानबांची सून पार्वती भाकरी घेऊन येई. नवी नवरी होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, आमच्याकडे पाठ करून बसे. माझा डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला असे. जेवणानंतर मी तो तुकडा उलगडून ज्ञानबांना बातम्या वाचून दाखवत असे, कारण तिथे कुणाला वाचता येत नाही असे मी धरून चाललो होतो. ते मन लावून ऐकत. शिळ्या बातम्यांवरही ताजे मत देत. वाचून झाले की पार्वती तो कागद उचले, मांडीवर सारखा करी, चौपदरी घडी घालून टोपलीच्या तळाशी ठेवी. चूल पेटवायला नेत असेल, असे मला वाटे.

त्यानंतर आठवते ती संक्रांतीनंतरच्या एका रविवारची दुपार.

माझे चुलते आप्पाकाका हे पेठेतले मान्य गृहस्थ. त्यांच्या समोर घरात कुणी मोठ्याने हसत नसे. ते आणि त्यांचे चार स्नेही त्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर हुरडा खायला आले होते आणि हुरडा पचवण्यासाठी तळ्याच्या बांधावर फिरायला चढले. मी पाण्याच्या कडेला दगडावर बसलेलो, हातात काठी, शेजारी ज्ञानबा. पांढऱ्या टोप्यांची ती रांग बांधावर दिसली तेव्हा पळायला जागा नव्हती. मी काठी ज्ञानबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि माझा तरंग आपल्या तरंगासारखाच पाहू लागले. मी हात पुसत बांध चढलो.

आप्पाकाका माझ्या हातांकडे पाहत होते.

“काय चाललंय?” त्यांनी विचारले.

इथे चालणाऱ्या अनधिकृत मासेमारीची मी पाहणी करतो आहे, असे मी सांगितले. पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, याविरुद्ध तक्रार करायची आहे, त्यासाठी पुरावा गोळा करतो आहे. इतके सफाईदार खोटे मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. ते तयारच असावे तसे ओठांवर आले.

“गळ टाकून पुरावा गोळा करतोस होय,” आप्पाकाका म्हणाले. “मग, चावला का पुरावा?”

स्नेही हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवते. ज्ञानबा खाली तीस पावलांवर होते आणि त्यांना ते ऐकू गेले असेल.

संध्याकाळी आप्पाकाकांनी मला बोलावून घेतले. पुरावा गोळा झालाच आहे, तर तक्रार आजच होऊन जाऊ दे, असे त्यांनी सांगितले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मला खोटे कबूल करायला लावण्यापेक्षा ते खरे करायला लावणे त्यांना जास्त योग्य वाटले असावे. त्यांनी दौत पुढे सरकवली.

मी ते पत्र लिहिले.

आता जे सांगायचे आहे ते या सगळ्यात मला सर्वांत कठीण वाटते. पहिल्या चार ओळींनंतर मी कशाबद्दल लिहितो आहे हे विसरलो आणि कसे लिहितो आहे हे पाहू लागलो. अनधिकृत व्यवसाय, सार्वजनिक मालमत्ता, आरोग्यास धोका. मुद्दे क्रमाने लावले. मसुदा परिपूर्ण व्हावा म्हणून शेवटी एक कलम स्वतःहून घातले, ते आप्पाकाकांनी सुचवलेले नव्हते: ‘तसेच जलाशयात दगड वा अन्य कोणतीही वस्तू टाकण्यास प्रतिबंध करावा.’ तिथे माणसे दगड लोटतात हे मला ठाऊक होते, कारण ते मला विश्वासाने सांगितले गेले होते. निनावी पत्र लिहिणे हा भेकडपणा आहे, असे माझे तेव्हाही मत होते. म्हणून खाली पूर्ण नाव, पत्ता, नारायण पेठ. आप्पाकाकांनी ते वाचले आणि पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली. पत्र त्यांनीच टाकले.

एरवी अशा पत्रांना उत्तरे येत नसत. या पत्राला आले.

हरभऱ्याच्या दिवसांत एके सकाळी दारात ज्ञानबा उभे होते. धुतलेले धोतर, डोक्याला पटका, हातात हिरव्या हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी. असल्या घरी मासे न्यायचे नाहीत, हे त्यांना कळत होते. पत्ता मीच कधीतरी बोलता बोलता सांगितलेला. आमच्या दारापर्यंत ते तळ्याकडून पायी आले होते. बाहेरच्या खोलीत आप्पाकाका वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न करता त्यांनी विचारले, “कोण आलं आहे?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “तळ्याकडचा माणूस आहे. कागद वाचून हवा आहे त्याला.”

ज्ञानबांनी माझ्याकडे पाहिले. मग पेंढी उंबऱ्याशी ठेवली, पटक्याच्या घडीतून कागद काढला आणि तो पुढे करत म्हणाले, “व्हय साहेब. तेवढा वाचून द्या.”

दोन वर्षे मी बापू होतो. त्या एका शब्दाने त्यांनी मला आप्पाकाकांपासून वाचवले.

मी नोटीस वाचली. सदर जलाशयात मासेमारी करणे अनधिकृत असून यापुढे तसे केल्यास कारवाई करण्यात येईल. सदर इसमाने जाळी, गळ व इतर साहित्य जमा करावे. वगैरे. मधे एक ओळ होती: ‘नारायण पेठेतील एका जबाबदार नागरिकाच्या लेखी तक्रारीवरून.’ माझी नजर त्या ओळीवर पोचली आणि माझा आवाज तिच्या पलीकडे गेला. सराव नसूनही ते बेमालूम जमले. वाक्य कुठे तुटले नाही.

ज्ञानबांनी विचारले, “कुनी तक्रार केली, त्ये लिवलंय का साहेब त्यात?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी कागद घेतला, घडी पूर्वीच्याच रेघांवर घातली, आणि जिना उतरून गेले. मी त्यांना पाणीही विचारले नाही. हरभरा आईने भाजला. सगळ्यांनी खाल्ला. कोवळा आहे, असे आप्पाकाका म्हणाले.

मी पुन्हा तळ्यावर गेलो नाही. कानावर येत राहिले ते इतकेच: कारवाई करायला पुढे कुणी आलेच नाही, कुणी रखवालदार नेमला नाही, चार-दोन जण चोरून गळ टाकतच राहिले, पण ज्ञानबांनी काठ्या कचेरीत नेऊन दिल्या आणि पुन्हा पाण्याला हात लावला नाही. कागद आला आहे, म्हणत. पुढे ते वीटभट्टीवर कामाला जाऊ लागले. आपल्या शेताकडे पाठ करून त्यांनी लोकांच्या मातीच्या विटा पाडल्या. कायद्याचा मान इतका निमूटपणे राखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्याबद्दल त्यांचे कुठेही अभिनंदन झाले नाही.

मी मात्र लिहीत राहिलो. खड्डे, भोंगे, नळांना येणारे गढूळ पाणी, फुटपाथवरची अतिक्रमणे, टपालातली दिरंगाई. पेठेत माझी पत्रे प्रसिद्ध आहेत. लोक नमस्कार करतात, वचकून असतात. मी न्यायासाठी लढतो, असा माझा लौकिक आहे. त्यातले एकही पत्र मी ज्ञानबांसाठी लिहिले नाही. त्यासाठी एकच ओळ पुरली असती: ‘माझी तक्रार मी मागे घेत आहे.’ सरकारदरबारी अशा ओळीची किंमत काय, हे मला सवयीने माहीत होते. काहीही नाही. पण ती लिहायची असती ती सरकारला नव्हे, हे मला आता कळते आहे.

परवा मी ती झेरॉक्स खिशात घालून तळ्यावर गेलो.

जिथे पेरू होते तिथे इमारती आहेत. ओढ्यावर पूल आहे. खाली ओढा आहे की नाही, ते दिसत नाही. फाटकापाशी, आतल्या बाकावर, एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. मी चार पावले पुढे गेलो आणि मागून आवाज आला.

“नारायण पेठ आलं व्हय.”

पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. मला त्या नावाने हाक मारणारे आता जगात कुणी उरले नसेल, असे मी धरून चाललो होतो. ती पार्वती होती; नाव तिनेच सांगितले. चेहऱ्यावरून मी तिला ओळखणे शक्य नव्हते. तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

“ओळखलंत कसं?” मी विचारले.

“चालीवरनं. अजून बांध चढल्यावानीच चालताय.”

मी तिच्या बाकाच्या टोकाला बसलो. ज्ञानबा केव्हा गेले, कसे गेले, ते तिने सांगितले. फार आजारी पडले नाहीत. शेवटी शेवटी विहिरीचे बोलत. मी खिशातून कागद काढला. रात्रभर मी जबानीसारखी वाक्ये जुळवली होती. ती सगळी बाजूला राहिली.

“पार्वतीबाई,” मी म्हणालो, “ज्ञानबांना नोटीस आली होती, ती मी त्यांना वाचून दाखवली. त्यातली एक ओळ मी गाळली.” आणि ती ओळ मी म्हटली. सगळी. नारायण पेठेतील एका जबाबदार नागरिकाच्या लेखी तक्रारीवरून.

तिची बोटे थांबली नाहीत. तिने एका जुडीची मुळे तोडली, पाने वेगळी केली.

“ठाव हाय,” ती म्हणाली. “मी चौथीपातुर शिकलेली. कागूद आला त्या सांजेला मीच वाचला मामंजींस्नी. दोनदा वाचला. दुसऱ्या खेपेला म्हनले, ती नारायण पेठेची वळ परत वाच.”

मला टोपलीच्या तळाशी चौपदरी घड्या घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे तुकडे आठवले.

“मग ते माझ्याकडे कशाला आले?”

“मीबी तेच इचारलं. नका जाऊ म्हनलं एवढं चालत. तर म्हनले, बापू कसं वाचतात त्ये ऐकून येतो.”

कारंजे बंद होते, त्यामुळे पाण्याचा काठावर आपटण्याचा आवाज स्पष्ट येत होता. तो आवाज मात्र तोच होता.

“आल्यावर काय म्हणाले?”

“काय न्हाई. बापूंनी चांगला वाचला, म्हनले. जेवले न्हाईत त्या दिशी.”

पुढचे तिने मी न विचारताच सांगितले. ज्ञानबांचा दगड तेराव्याला तिनेच लोटला. बायका लोटत नाहीत, पण तोवर काठावर येणारे दुसरे कोण उरले होते? फलक तेव्हा लागलेला होता; तरी लोटला. बाकीच्यांचे दगड त्यांच्या-त्यांच्या वेळी गेले. एकच राहिला. वाट बांधायला यंत्र आले तेव्हा ती त्यावर जाऊन बसली आणि ठेकेदाराला वाट हातभर आत घ्यायला लावली.

“मामंजी सांगून गेल्ते. त्येंचा लोटायचा न्हाई. मानूस जिता हाय तवर जागा त्याची.” तिने मेथीच्या काडीने पाण्याकडे दाखवले. “त्यो काय. पोरगा बसलाय बगा त्यावर.”

रखवालदार माझ्या दगडावर बसला होता. चैत्रातही तो त्याच दगडावर जाऊन बसला होता आणि मी त्याच्याशी नियमांबद्दल वाद घालून परत फिरलो होतो. निळसर काळा रंग आता मळकट झाला आहे. खळग्यात त्याचा मोबाइल ठेवलेला होता.

मी तिथे गेलो. त्याने मला ओळखले, थोडा सावध झाला, पण माझ्या हातात काठी नाही हे पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बसायचंय का, आजोबा?” मी नाही म्हणालो; ती जागा माझी म्हणवण्याचा हक्क मी केव्हाच घालवला होता. मी खाली वाकून दगडाला दोन्ही हात लावले आणि जोर केला. दगड उन्हाने तापला होता. तो हलला नाही. पुन्हा जोर केला. मला धाप लागली. मग मी त्या मुलाला म्हणालो की एवढा जरा हात लाव, हा पाण्यात लोटायचा आहे.

तो अडचणीत पडल्यासारखा हसला. “तसं नाही करता येत, आजोबा. पाण्यात काही टाकायला मनाई आहे.” आणि त्याने फलकाकडे बोट दाखवले.

मी फलक वाचला. मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे. त्याच्याखाली, थोड्या लहान अक्षरांत: जलाशयात दगड वा अन्य कोणतीही वस्तू टाकू नये. शब्द माझेच होते, क्रमही माझाच. इतक्या वर्षांत कुणाला त्यात सुधारणा करावीशी वाटली नव्हती. मी पत्र चांगले लिहिले होते.

पार्वतीबाई मेथीची पिशवी घेऊन मागून आल्या होत्या. त्यांना धाप लागली नव्हती.

“ऱ्हाऊ द्या त्यो,” त्या म्हणाल्या. “न्हाई लोटायचा. बसा की. तुमचाच हाय.”

मुलाने मोबाइल उचलून घेतला. खळगा मोकळा झाला. दगडावर त्या मुलाच्या बसण्याने पुसली गेलेली जागा होती आणि समोर, बरोबर विहिरीवर, पाणी जरा जास्त काळे होते. पार्वतीबाई वाट पाहत होत्या. मी बसलो नाही. बाग बंद व्हायची शिट्टी झाली, दिवे लागले, त्या निघून गेल्या, तरी मी त्या दगडाशेजारी उभाच होतो. आणि मुलगा फाटकाची किल्ली हातात घेऊन थांबून राहिला होता.